रक्ताचे दोन नकाशे



जपान हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा काहीसाच मोठा देश. त्या देशातील रक्तदात्यांच्या रक्तात कोणता विषाणू कोठे आढळला याची नोंद घेऊ गेल्यास एक नव्हे, दोन नकाशे हाती येतात. पहिला नकाशा बेटांचा, किनाऱ्यांचा आणि घराण्यांचा आहे. दुसरा शहरातील रोजंदारी मजुरांच्या वस्त्यांचा आहे. पहिला इतिहासाने काढला, दुसरा बाजाराने. दोन्ही नकाशांवर ठिपके सारखेच दिसतात. पण एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. हा फरक न ओळखणारे सरकार एक तर निरपराध माणसांवर डाग लावते, नाही तर खऱ्या अपराध्याला मोकळे सोडते. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच फरक आहे.

पहिल्या नकाशाची हकीकत अशी. १९७७ साली क्योटो येथील ताकात्सुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ माणसांत आढळणाऱ्या एका विशिष्ट रक्तकर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. या रुग्णांत एक गोष्ट लक्षणीय होती. त्यांतील बहुसंख्य लोक मूळचे दक्षिणेकडील क्यूशू बेटाचे होते. पुढे १९८० साली अमेरिकेत गॅलो यांच्या प्रयोगशाळेने या रोगाला कारणीभूत ठरणारा विषाणू वेगळा काढला. १९८१ साली जपानमध्ये हिनुमा यांनी या रोगाशी त्याचा संबंध दाखवून दिला. एचटीएलव्ही-१ हे त्याचे नाव. १९८६ पासून जपानच्या रेडक्रॉसने प्रत्येक रक्तदात्याची या विषाणूसाठी चाचणी सुरू केली आणि रोगाचा नकाशा हा आता विषाणूचा नकाशा झाला. क्यूशू आणि ओकिनावा येथे वाहकांचे प्रमाण मोठे, मध्य जपानमध्ये अत्यल्प, आणि थेट उत्तरेच्या टोकाला होक्काइदोतील ऐनू लोकांत पुन्हा मोठे. पुढच्या स्थलांतराच्या लाटा देशाच्या मध्यभागी स्थिरावल्या आणि जुन्या रहिवाशांचे वंशज दोन टोकांना उरले, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे रक्तपेढीतील परीक्षानळ्यांनी हजारो वर्षांचा इतिहास वाचून दाखवला.

हा विषाणू पुढच्या पिढीकडे जातो तो मुख्यतः आईच्या दुधातून. बहुतेक वाहक जन्मभर निरोगी राहतात. थोड्यांनाच आणि तेही अनेक दशकांनंतर रोग होतो. येथे दोषी कोण? कोणीच नाही. कोणी काही विकले नाही, कोणी कोणाला फसवले नाही. म्हणूनच येथला उपायही निराळा ठरला. नागासाकी परगण्यात १९८७ पासून गर्भवती स्त्रियांची चाचणी घेऊन वाहक मातांना बाळाला अंगावर न पाजता बाटलीचे दूध देण्याचा सल्ला देण्यात येऊ लागला. दीर्घकाळ अंगावर प्यालेल्या मुलांत लागणीचे प्रमाण सुमारे २० टक्के होते. बाटलीच्या दुधावर वाढलेल्यांत ते अडीच टक्क्यांच्या आसपास आले. सार्वजनिक आरोग्यव्यवस्था, घरोघर पोचणारी माहिती आणि मातेला दोष न देणारी भाषा या तीन गोष्टींनी हे साधले.

या नकाशात पुढे एक बदल झाला, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. रक्तदात्यांच्या चाचण्यांवरून २००६-०७ मध्ये देशात सुमारे १० लाख ८० हजार वाहक असल्याचा अंदाज करण्यात आला. त्यांत क्यूशू-ओकिनावाचा वाटा पूर्वीपेक्षा घटलेला होता आणि टोकियो परिसराचा वाढलेला होता. कामधंद्यासाठी माणसे दक्षिणेकडून राजधानीकडे गेली आणि आपले रक्तही सोबत घेऊन गेली. श्रमाचे स्थलांतर जनगणनेत जसे दिसते तसेच ते रक्तपेढीतही दिसते.

आता दुसरा नकाशा. याच देशात १९६० च्या दशकाच्या आरंभी रुग्णांना दिले जाणारे जवळजवळ सर्व रक्त विकत घेतलेले असे. खाजगी रक्तपेढ्या होत्या, त्यांचे दर होते, आणि टोकियोतील सान्यासारख्या वस्त्यांतून पुरवठा होत असे. तेथे एका रात्रीच्या भाड्याच्या खाटेवर झोपणारे रोजंदार मजूर राहत. ज्या दिवशी काम मिळाले नाही त्या दिवशी रक्त विकायचे, असा क्रम होता. इतक्या वरचेवर रक्त काढल्याने त्यातील तांबड्या पेशी उणावत आणि रक्त पिवळट दिसू लागे. जपानी वृत्तपत्रांनी त्याला नावच दिले होते : पिवळे रक्त. ते घेतलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना पुढे यकृतदाहाची कावीळ होई.

मजूर आणि मजुरांसारखेच निर्धन रुग्ण यांचे हे दुखणे वर्षानुवर्षे चालू होते. त्याला राष्ट्रीय प्रश्नाचे स्वरूप आले ते मार्च १९६४ मध्ये. अमेरिकेचे राजदूत एडविन रायशॉवर यांच्यावर एका तरुणाने सुरीहल्ला केला, त्यांना रक्त चढवावे लागले आणि त्या रक्तातून त्यांना कावीळ झाली. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने ऐच्छिक रक्तदानाचा पुरस्कार करण्याचा निर्णय घेतला. राजदूताच्या शिरेत शिरेपर्यंत विषाणूला राजकीय महत्त्व नव्हते, हे नमूद करून ठेवण्यासारखे आहे. परंतु निर्णय झाल्यावर तो अमलात आला. १९७४ पर्यंत रक्तसंक्रमणासाठी लागणारे सर्व रक्त दानातून मिळू लागले. कावीळ-ब विषाणूची चाचणी रक्तपेढ्यांत सुरू होण्यापूर्वीच, केवळ विक्रीचे रक्त हटत गेल्यामुळे, रक्तानंतरच्या काविळीचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांपर्यंत उतरले. हा एकच आकडा दुसरा नकाशा कोणी काढला होता ते सांगतो. विषाणू तोच, देश तोच, वैद्यकही तेच. बदलला तो फक्त रक्ताचा भाव. तो शून्य झाला.

असे का व्हावे, याचे शास्त्रीय विवेचन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्राध्यापक रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या ग्रंथात केले. ब्रिटनमधील विनामूल्य रक्तदान आणि अमेरिकेतील रक्ताचा व्यापार यांची त्यांनी तुलना केली. दात्याने आपल्या प्रकृतीविषयी खरे सांगणे ही सुरक्षित रक्ताची पहिली अट आहे. जो देणगी देतो त्याला खोटे बोलण्यात लाभ नसतो. जो पैशाच्या निकडीने विकतो त्याला खरे बोलणे परवडत नाही. एरवी बाजारात माल खराब निघाला तर गिऱ्हाईक परत येत नाही. येथे गिऱ्हाईक टेबलावर बेशुद्ध असते, आणि मालाचा दोष कित्येकदा वर्षांनी उघडकीस येतो. केनेथ अॅरो यांच्यासारख्या थोर अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली त्यांना प्रश्न विचारला. देणाऱ्याला देऊ द्यावे आणि विकणाऱ्याला विकू द्यावे; निवडीचा एक पर्याय वाढल्याने कोणाचे काय बिघडते? प्रश्न तर्कशुद्ध होता. उत्तर रुग्णालयांनी दिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वे आल्टर यांनी हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांचा माग ठेवला होता. १९७० च्या सुमारास तेथे विक्रीचे रक्त बंद झाले आणि कावीळ-ब ची प्राथमिक चाचणीही आली. काविळीचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांहून १० टक्क्यांच्या आसपास घसरले. पहिल्या पिढीच्या त्या चाचणीला थोडेच रक्त पकडता येत होते. मोठा वाटा विक्रेते हटल्याचा होता. १९७८ पासून अमेरिकेत रक्ताच्या प्रत्येक पिशवीवर ते विकतचे की दानाचे हे लिहिणे सक्तीचे झाले. ते छापताच विकतच्या रक्ताला गिऱ्हाईक उरले नाही.

पण बाजार एका दारातून गेला की दुसऱ्या दाराने येतो. रक्तातील पेशी वेगळ्या काढून उरतो तो रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा. तो टिकवता येतो, गोठवून जहाजाने वा विमानाने पाठवता येतो, आणि हजारो दात्यांचा एकत्र करून त्यापासून औषधे बनवता येतात. अमेरिकेत याच्या विक्रीवर बंदी आली नाही. हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स येथून दरिद्री लोकांचा प्लाझ्मा अमेरिकेकडे जात असल्याचे १९७२ साली वृत्तपत्रांतून उघड झाले. निकाराग्वात मानाग्वा येथे असेच एक केंद्र होते आणि त्यात हुकूमशहा सोमोझा याचे हितसंबंध गुंतलेले होते. ‘ला प्रेन्सा’चे संपादक पेद्रो होआकिन चामोरो यांनी त्याविरुद्ध लेखणी चालवली. १० जानेवारी १९७८ रोजी त्यांचा खून झाला, आणि खवळलेल्या जनतेने ते केंद्र जाळून टाकले. पुढच्याच वर्षी सोमोझाची राजवट कोसळली.

प्लाझ्माच्या या व्यापाराने विषाणूचा नकाशा देशांच्या सीमांपलीकडे नेला. हिमोफिलियाच्या रुग्णांना लागणारे रक्त गोठवणारे घटक ब्रिटनला पुरेसे बनवता आले नाहीत. ते अमेरिकेतून आयात झाले. त्यांत तुरुंगांतील कैद्यांचा आणि रस्त्यावरच्या निर्धनांचा प्लाझ्मा होता. मे २०२४ मध्ये ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशी अहवालाने नोंदवले की ब्रिटनमध्ये दूषित रक्त आणि रक्तौषधे यांमुळे ३० हजारांहून अधिक लोकांना एचआयव्ही वा यकृतदाहाची लागण झाली आणि सुमारे तीन हजार मरण पावले. टिटमस यांनी ज्या देशाचा आदर्श मांडला त्याच देशाने शेजाऱ्याच्या बाजारातून हे विष विकत घेतले. रक्तदान शुद्ध करणाऱ्या जपानवरही हाच प्रसंग आला. आयात औषधांमुळे तेथे हिमोफिलियाच्या चौदाशेहून अधिक रुग्णांना एचआयव्हीची लागण झाली. एका देशापुरता गिफ्टचा व्यवहार आणि जगभर सौद्याचा, अशी व्यवस्था टिकत नाही.

दोन नकाशांची गल्लत केली की काय होते, याचा धडा हैतीच्याच लोकांनी दिला. फेब्रुवारी १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एड्सच्या भीतीने शिफारस केली की कोणत्याही हैतीयन माणसाचे रक्त घेऊ नये. दात्याचे आचरण कसे, त्याला धोका कितपत, हे न पाहता त्याचे राष्ट्रीयत्व पाहिले गेले. २० एप्रिल १९९० रोजी न्यूयॉर्कमध्ये हैतीयन कामगार, परिचारिका, टॅक्सीचालक हजारोंच्या संख्येने ब्रुकलिनचा पूल ओलांडून निघाले. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये शिफारस मागे घेण्यात आली. ज्या देशाचा प्लाझ्मा विकत घ्यायला कालपर्यंत कोणाचा विटाळ नव्हता, त्याच देशाच्या माणसाचे विनामूल्य रक्त अस्पृश्य ठरवण्यात आले होते. अस्पृश्यता हा शब्द महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, हा भांडवलशाहीचा दोष आहे, समाजवादी राष्ट्रात असे घडणे शक्य नाही. असे म्हणून समाधान मानणे सोपे आहे. पण ते खरे नाही. चीनच्या हेनान प्रांतात १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात शेतकऱ्यांचा प्लाझ्मा विकत घेणारी केंद्रे गावोगाव उघडली, आणि त्यांत सरकारी खाती, स्थानिक अधिकारी आणि खाजगी दलाल असे सगळेच सामील होते. शेतीतून घर बांधता येत नव्हते, मुलांची फी भरता येत नव्हती. रक्त विकून ते साधेल असे शेतकऱ्यांना सांगण्यात आले. विक्रेत्याला अशक्तपणा येऊ नये व तो लवकर पुन्हा विकू शकावा म्हणून एकाच रक्तगटाच्या अनेकांचे रक्त एकत्र फिरवून प्लाझ्मा काढून घेत आणि उरलेल्या तांबड्या पेशींचे मिश्रण सर्वांच्या अंगात परत सोडत. एकाचा विषाणू सर्वांचा झाला. आधी कावीळ-सी पसरली, मग एचआयव्ही. शांगचाई जिल्ह्यातील वेनलौसारखी गावे ओस पडू लागली. डॉ. वांग शूपिंग यांनी चाचण्या करून १९९५ साली धोक्याची सूचना दिली. त्यांना त्रास देण्यात आला. डॉ. काओ याओजी या निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ गावोगाव फिरल्या, पत्रके वाटली, अनाथ मुलांची नोंद केली. त्यांच्यावर पाळत ठेवली गेली. दोघींनाही अखेर देश सोडावा लागला. काओ याओजी डिसेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथे वारल्या. झेंड्याचा रंग लाल असला म्हणून रक्ताचा भाव लाल शाईत बुडत नाही. जेथे सत्तेला प्रश्न विचारणारे वृत्तपत्र नाही, संघटना नाही, न्यायालय नाही, तेथे सरकारच दलाल होते. लोकशाहीवाचून समाजवाद नाही, हे सूत्र पुस्तकातले नाही. हेनानच्या शेतकऱ्यांनी त्याची किंमत मोजली आहे.

आता भारताकडे वळले पाहिजे, कारण हेनानच्या आधीच पुण्यात घंटा वाजली होती. १९८९ साली पुण्यातील धंदेवाईक प्लाझ्मादात्यांमध्ये एचआयव्हीची लागण पसरल्याचे राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. त्या काळी देशातील अनेक शहरांत रुग्णालयाच्या दारात रक्तविक्रेते उभे असत. रिक्षा ओढणारे, हमाल, व्यसनी, बेकार. एच. डी. शौरी यांच्या ‘कॉमन कॉज’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ४ जानेवारी १९९६ च्या निकालाने परवान्यावाचून चालणाऱ्या रक्तपेढ्यांना आणि दोन वर्षांच्या आत धंदेवाईक रक्तविक्रीला मनाई केली. राष्ट्रीय आणि राज्य रक्तसंक्रमण परिषदा स्थापन करण्यास सांगितले. १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकणे आणि विकत घेणे बेकायदा ठरले.

कायदा झाला, पण पुरवठ्याची व्यवस्था मागे राहिली. रक्त हवे असेल तर बदली दाता आणा, असे नातेवाइकांना सांगण्याची रीत चालू राहिली. परगावाहून आलेल्या शेतकऱ्याला शहरात दाता कोठून मिळणार? तो दलालाला गाठतो आणि विक्रेता ‘पुतण्या’ म्हणून रक्तपेढीत हजर होतो. नोंदवहीत तो नातेवाईक, व्यवहारात तो माल. २००८ साली गोरखपूर येथे पोलिसांनी छापा घातला तेव्हा रक्त काढण्यासाठी कोंडून ठेवलेली माणसे सापडली. २०१६ साली माहितीच्या अधिकाराखाली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने दिलेल्या उत्तरात, सुमारे १७ महिन्यांच्या काळात २,२३४ व्यक्तींनी आपल्याला रक्तसंक्रमणातून एचआयव्हीची लागण झाल्याचे सांगितल्याची नोंद होती. ही नोंद रुग्णांच्या सांगण्यावर आधारलेली होती हे खरे. पण दारिद्र्य आणि चाचणीची दुरवस्था जेथे एकत्र येतात तेथे ती अविश्वसनीय वाटत नाही.

चाचण्या सुधारल्या की भाव देण्यात धोका उरत नाही, असा युक्तिवाद आता ऐकू येतो. त्याला इतिहासाचे उत्तर आहे. एचआयव्हीची चाचणी १९८५ साली आली, कावीळ-सी ची १९९० साली. दोन्ही विषाणू त्याआधी कित्येक वर्षे दात्यांच्या रक्तातून रुग्णांकडे जात होते. विषाणू नेहमी चाचणीच्या आधी येतो. शिवाय लागण झाल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत काही दिवस जातात, आणि त्या काळात रुग्णाचे रक्षण दात्याचे खरे बोलणेच करते. दुसरा आक्षेप अधिक विचारात घेण्यासारखा आहे. गरिबाचे एक उत्पन्न बुडते त्याचे काय? याचे उत्तर महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात दिलेले आहे. माणसाच्या हाताला काम द्यावे. रोजगार हमी याचा अर्थ श्रमाला मोल आहे, रक्ताला नाही. ज्या राज्यात काम मागणाऱ्याला काम मिळते तेथे सान्या आणि हेनान निर्माण होत नाहीत.

मग कार्यकर्त्यांनी करायचे काय? एक आत्मपरीक्षण प्रथम केले पाहिजे. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मंडप घालायचा, शेकडो पिशव्या एका दिवसात भरायच्या आणि दात्याला डबा, छत्री किंवा हेल्मेट द्यायचे, ही प्रथा डाव्या-उजव्या सर्वच पक्षांत रूढ झाली आहे. त्या दिवशी रक्त साठवणीच्या मुदतीत खपत नाही, आणि मे महिन्यात, परीक्षा आणि सुट्या यांच्या काळात, रक्तपेढ्या रिकाम्या राहतात. आणि डबा हा लहानसा का होईना, भाव आहे. हेल्मेटच्या आशेने आलेला तरुण आपल्या काविळीची गोष्ट डॉक्टरांना सांगेल याची खात्री कोणी द्यावी? शंभर दात्यांचा एक दिवस साजरा करण्यापेक्षा शंभर दात्यांची यादी करून त्यांना दर तीन-चार महिन्यांनी आळीपाळीने पाठवणे, हे नीरस काम आहे. कार्यकर्त्याचे खरे काम बहुधा नीरसच असते.

त्याबरोबर काही मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. बदली दात्याची सक्ती बंद व्हावी. तालुक्याच्या रुग्णालयातील रक्ताचीही तीच चाचणी व्हावी जी शहरातील पंचतारांकित रुग्णालयात होते. प्लाझ्मापासून औषधे बनवण्याचे काम सार्वजनिक क्षेत्रात वाढावे, म्हणजे हिमोफिलियाच्या मुलाला परक्या बाजारावर विसंबावे लागणार नाही. थॅलेसेमियाचे मूल, बाळंतपणात रक्त गमावलेली स्त्री आणि यंत्रात हात सापडलेला कामगार, या तिघांना रक्तपेढीच्या खिडकीवर त्यांची ऐपत विचारली जाऊ नये. आणि ज्याच्या रक्तात विषाणू आढळला त्याला गुपचूप सांगून उपचारांशी जोडले जावे. गावात त्याचे नाव फुटू नये. नागासाकीच्या मातांना जो आदर मिळाला तो येथेही मिळाला पाहिजे.

पहिला नकाशा पुसणे कोणाच्याही हातात नाही. तेथे फक्त काळजी घेता येते, आणि ती प्रेमाने घ्यावी लागते. दुसरा नकाशा मात्र माणसांनी काढलेला आहे. जपानने तो दहा वर्षांत पुसून दाखवला, आणि त्यासाठी राजदूताला सुरी लागेपर्यंत थांबला. महाराष्ट्राने तशा प्रसंगाची वाट पाहू नये.